दामोदररावांच्या पायाखालची लाल जमीन

मित्रांनो, कुणाच्या घरी गेलात की तुम्ही भिंतींचा रंग बघता, पडदे बघता, छताला टांगलेला दिवा बघता. खाली बघता ते फक्त चपला काढताना. म्हणून आज मीच बोलायचे ठरवले आहे. बंगळूरच्या कोरमंगला भागात, एका बाजूला मुलींचे पीजी वसतिगृह आणि दुसऱ्या बाजूला कॉफीचे दुकान, अशा दोन उंच इमारतींच्या मधोमध एक बैठे घर अजून उभे आहे. त्या घराच्या दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत पसरलेली लाल जमीन, ती मी. वय पंचेचाळीस. रंग अजून शाबूत आहे हे आधीच सांगून ठेवते, कारण मला त्याचा गर्व आहे.

माझा जन्म काही फार थाटात झाला नाही. दामोदरराव तेव्हा तरुण होते. मूळचे निपाणीचे, नोकरीसाठी इथे आलेले. एका सरकारी प्रयोगशाळेत ते विमानांचे भाग तपासत. पत्र्यात केसाएवढी भेग असली तरी ती शोधून काढायची, हे त्यांचे काम. पै पै साठवून त्यांनी हे घर बांधायला काढले, तेव्हा संगमरवर त्यांच्या आवाक्याबाहेर होता. पण त्याचे कुणाला वाईट वाटले नाही, कारण तेव्हा या गावात बहुतेकांच्या घरी माझ्यासारखीच जमीन असे. सिमेंटमध्ये लाल ऑक्साईडची पूड मिसळायची, थापीने पसरायची आणि ओली असतानाच घोटत बसायचे.

देवाप्पा नावाच्या गवंड्याने मला घडवले. त्याचा एक नियम होता. एका खोलीची जमीन एका दिवसात पुरी झाली पाहिजे. मध्येच हात थांबला की तिथे जोड दिसतो आणि तो जन्मभर जात नाही. म्हणून त्या दिवशी तो जेवायलाही उठला नाही. दामोदररावांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंनी दारातूनच त्याला दोनदा ताक दिले, तेवढेच. मग मातीचे छोटे बांध घालून आठवडाभर माझ्यावर पाणी साठवून ठेवले. घरातली माणसे कडेने, फळ्यांवरून, तोल सावरत चालत होती आणि मी मधे पाण्याखाली आरामात पडले होते. असा मान पुढे कधी मिळाला नाही.

पण लाड भरपूर झाले. प्रमोदिनीबाई दर शुक्रवारी मला स्वच्छ पुसायच्या आणि महिन्यातून एकदा खोबरेल तेलाच्या फडक्याने चोळायच्या. पाहुणे म्हणायचे, पाय ठेवू की नको तेच कळत नाही. मी मनातल्या मनात फुगायची. त्यांची मुलगी क्षमा माझ्यावरच रांगली, माझ्यावरच पडली आणि पडल्यावर मलाच चापट मारायला शिकली. ते मी कधी मनावर घेतले नाही.

दहाव्या वर्षी मला भेग पडली. पुढच्या दारापासून निघून ती दिवाणखाना तिरकी ओलांडत थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. विमानांच्या भेगा धरणाऱ्या माणसाच्या घरात राहायचे आणि आपणच भेगाळायचे, यापेक्षा मोठी नाचक्की कोणती? दामोदररावांनी गुडघे टेकून तिची लांबी मोजली. नंतर कितीतरी वर्षे ते दर दिवाळीला भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करत आणि ती पुढे सरकली का ते बघत. त्यात राग नव्हता, सवय होती. पण मला लाज वाटायची ती वाटायचीच. पुढे आणखीही खुणा झाल्या. स्वयंपाकघरात इडलीचे पीठ वाटायचा दगडी रगडा होता, तो मिक्सर आल्यावर गेला, पण त्याच्या जागी वाटीएवढा खळगा राहिला. स्वयंपाकघराच्या दाराशी गॅसचे सिलिंडर आपटून आपटून माझी कड उडाली.

सहा वर्षांपूर्वी प्रमोदिनीबाई गेल्या. तेल लावणारे हात गेले. कामाची बाई घाईघाईने ओले फडके फिरवून जाई. भेगेत धूळ बसली, चकाकी उतरली. क्षमा एचएसआर लेआउट या वस्तीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची, रविवारी यायची, दोन तास बसायची आणि कॅब बोलावून जायची. मी रुसून बसले होते. माझ्याकडे कुणी बघत नाही, हेच माझे दुःख. या घरात माझ्याहून मोठे दुःख कुणाला असेल, हे माझ्या डोक्यातही आले नव्हते.

मित्रांनो, आम्ही जमिनी माणसांना पायांवरून ओळखतो. दामोदररावांचा पाय मला चांगला ठाऊक होता. टाच आधी, मग बाकीचे पाऊल, ठाम आणि घाईचे. थंडीत ते घरातही सपाता घालत. दोन वर्षांपूर्वी एक दिवस त्यांनी सपाता काढल्या त्या कायमच्या. पावलेही बदलली. आता आधी अंगठा पुढे येई, काहीतरी चाचपडे, आणि मग पाय टेकला जाई. दारापाशी अंगठ्याला भेग लागली की ते भेगेवरून चालत स्वयंपाकघरापर्यंत जात. उडालेली कड पायाला लागली की दार आले. खळगा लागला की ओटा हाताशी आला.

सुरुवातीला मला वाटले, म्हातारपणी अनवाणी चालायची हौस आली असेल. मग एके सकाळी कामाच्या बाईने खुर्ची जागेवर ठेवली नाही. लख्ख उजेड होता. दामोदरराव सरळ खुर्चीवर जाऊन आदळले. तेव्हा मला कळले. त्यांची नजर कडांकडून विझत चालली होती.

त्यांनी ते कुणालाही कळू दिले नाही. सकाळी वर्तमानपत्र उघडून धरायचे आणि रेडिओवर ऐकलेल्या बातम्या क्षमाला फोनवर सांगायचे. फाटकाशी कुणी आले की आवाजावरून नाव घ्यायचे. बाहेर जायचे टाळायचे आणि गुडघ्यांवर ढकलायचे. सपाता का घालत नाही म्हणून क्षमा ओरडली, तर म्हणाले की त्या चावतात. तिने दुसऱ्या आणल्या, मग तिसऱ्या. त्या सगळ्या पलंगाखाली पडून राहिल्या.

आता मी कबूल करते. मला आनंद झाला होता. पुन्हा कुणाला तरी माझी गरज होती. माझ्या ज्या भेगेने मला मान खाली घालायला लावली, तिच्याच आधाराने हा माणूस ताठ चालत होता. मला वाचा नाही म्हणून मी गप्प राहिले असे मी म्हणू शकते. पण वाचा असती तरी मी गप्पच राहिले असते. त्यांचे गुपित माझ्यापाशी आहे, या विचाराने मी सुखावले होते. ते गुपित राखण्यात त्यांचे नुकसान होत आहे, हे मी मनात येऊच दिले नाही.

यंदा क्षमा एक वही आणि एक माणूस घेऊन आली. माणसाचे नाव नागराज, जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे घेणारा. एक बिल्डर या जागेसाठी दोन वर्षे मागे लागला होता, त्याला पीजीची आणखी एक इमारत उभी करायची होती. क्षमाने ठरवले की घर विकायचे नाही. साठवलेल्या पैशात बसेल तेवढी दुरुस्ती करायची आणि इथेच वडिलांजवळ राहायला यायचे.

पैसे थोडे होते, म्हणून दिसणाऱ्या गोष्टींआधी न दिसणाऱ्या गोष्टी करायच्या असे तिने ठरवले. आधी गळणारे छत, मग विजेच्या तारा, मग गंजलेले नळ. खिडक्यांच्या सागवानी चौकटी नव्या न करता घासून घेतल्या, तर आतून मधाच्या रंगाचे लाकूड निघाले. न्हाणीघरातले जुने पितळी नळ चिंचेने घासून परत बसवले. क्षमा स्वतः सुट्टीच्या दिवशी कपाटांचा रंग खरवडायला बसायची. मी खालून सगळे बघत होते आणि माझी पाळी कधी येते याची वाट बघत होते.

माझी पाळी आली ती अशी, की नागराज माझ्यावर टाच आपटून म्हणाला, ही फोडायचीही गरज नाही, हिच्यावरूनच टाइल बसवू, फक्त दारे खालून थोडी तासावी लागतील. स्वस्तात स्वस्त तेच पडेल.

तोवर दामोदररावांनी सगळ्याला मान डोलावली होती. टाइलचे नाव निघाले आणि ते उठून उभे राहिले.

"बाकी काय पाहिजे ते कर. जमिनीला हात लावायचा नाही."

क्षमाने समजावले, टाइल पुसायला सोपी, भेगेत मुंग्या होतात, आणि शेवटी बंगळुरी थाटात म्हणाली, अण्णा, स्वल्प ॲडजस्ट करा की. ते नाहीच म्हणाले. कारण विचारले तर पुन्हा तेच. त्या दोघांच्या मधे मी पसरलेली होते आणि खरे कारण फक्त मला ठाऊक होते.

क्षमाने आपल्यापरीने कारण शोधले. आईने चाळीस वर्षे या जमिनीला तेल लावले, म्हणून अण्णांचा जीव हिच्यात अडकला आहे, असे तिला वाटले. तिचे डोळे भरून आले. तिने टाइलचा विचार सोडला आणि त्याहून मोठा बेत केला. आईच्या वेळी होती तशीच जमीन अण्णांना परत करून दाखवायची, आणि तेही न सांगता. खर्च बसावा म्हणून स्वयंपाकघरातली नवी कपाटे तिने रद्द केली. वडिलांना एवढेच सांगितले की टाइल नाही, नुसती साफ करून तेल देतोय, पण ओलं असेल म्हणून आठ दिवस इकडे यायचं नाही. ते मागच्या खोलीत राहिले. जेवण, पाणी, रेडिओ सगळे तिथेच. एका घरात आता दोन गुपिते झाली, आणि दोन्ही प्रेमापोटी.

ऑक्साईडचे काम जाणणारी माणसे आता फार उरली नाहीत. नागराजने ओळखीने आनेकलहून चंद्राबाईंना आणले. साठीच्या पुढच्या, माहेरच्या सीमाभागातल्या अथणीच्या, म्हणून मराठी बोलणाऱ्या. रोज सकाळी पहिल्या बसने यायच्या. माझ्या लालीला जुळणारा रंग मिळावा म्हणून त्यांनी फुटक्या कौलांवर तीन वेगवेगळी मिश्रणे लावून उन्हात वाळवली आणि मगच मला हात लावला. भेग छिन्नीने मोकळी केली, धुतली, भरली. खळगा भरला. दाराशी उडालेली कड सरळ केली. मग गुडघ्यांवर बसून गुळगुळीत दगडाने घोटत राहिल्या. शेवटी मेण आणि तेल.

माझ्याबद्दल काय सांगू, मित्रांनो. मी खुळी झाले. पस्तीस वर्षे जी भेग मला बोचत होती ती गेली होती. खिडकी माझ्यात उलटी दिसत होती. नागराजने बूट बाहेर काढले. दामोदररावांची आठवण मला त्या आठ दिवसांत एकदाही आली नाही, हे सांगताना मला आजही लाज वाटते.

नवव्या दिवशी सकाळी क्षमा स्वयंपाकघराच्या दारात कॉफी घेऊन उभी राहिली. तिला वडिलांचा चेहरा बघायचा होता. दामोदरराव मागच्या खोलीतून आले, नेहमीसारखे अनवाणी, ताठ. अंगठा पुढे आला. त्याने भेग शोधली. नव्हती. पाऊल थोडे डावीकडे आले, मग उजवीकडे. कुठेच काही नव्हते. सगळीकडे सारखीच, गार आणि गुळगुळीत मी.

"कशी दिसते, अण्णा?" क्षमाने विचारले.

"छान," ते म्हणाले. "फार छान." त्यांचे तोंड भिंतीकडे होते.

तिला ते विचित्र वाटले, पण ती काही बोलायच्या आत ते चालू लागले. उभे राहिलो तर कळेल, या भीतीने ते जरा जास्तच जोरात चालले. चौथ्या पावलाला खांदा खिडकीच्या चौकटीवर आदळला, मेणावरून पाय सरकला आणि ते माझ्यावर गुडघ्यांवर पडले. क्षमा पेला टाकून धावली. पण ते उठले नाहीत. त्यांनी दोन्ही तळहात माझ्यावर ठेवले आणि चाचपडू लागले. ज्या हातांनी त्यांनी आयुष्यभर भेगा शोधल्या होत्या, ते हात आता माझी एकच भेग शोधत होते.

"इथं भेग होती. कुठं गेली गं?"

"बुजवली, अण्णा. आईच्या वेळेला होती तशी करून घेतली. तुमच्यासाठी."

"ती मला पाहिजे होती."

"भेग? कशाला?"

दामोदररावांचे तळहात माझ्यावर थांबले. मग हळू म्हणाले, "तिच्यावरनं चालतोय मी. दोन वर्षं झाली."

क्षमा त्यांच्याजवळ माझ्यावर बसली. किती दिसतं, असे तिने विचारले. तू समोर बसलीस की निम्मी दिसतेस, असे ते म्हणाले. का सांगितलं नाही, यावर त्यांचे उत्तर तयार होते. सांगितलं असतं तर तू घर विकून मला फ्लॅटवर नेलं असतंस, आणि तिथं मला पायाखालचं काहीच ओळखीचं नाही. क्षमा रडली. सपातांवरून किती बोलले मी तुम्हाला, एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. सांडलेली कॉफी माझ्यावर पसरत गेली आणि पहिल्यांदाच मला डागाची काळजी वाटली नाही.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. जी नजर गेली ती परत येणार नाही. जी उरली आहे ती थेंब नेमाने घातले तर टिकू शकते. दोन वर्षांपूर्वी तपासून घेतले असते तर बरीच जास्त वाचली असती. हे सगळे क्षमाने घरी आल्यावर खुर्चीत बसून मोठ्याने सांगितले, म्हणजे मीही ऐकले. माझ्या भेगेने त्यांना दोन वर्षे चालवले आणि त्याच दोन वर्षांनी त्यांची वाचवता आली असती ती नजर नेली. मला तेव्हा वाटले, मी इतकी मदत केली नसती तर बरे झाले असते. ते आधीच कुठेतरी अडखळले असते आणि कुणीतरी विचारले असते.

चंद्राबाईंना परत बोलावले. एवढं घोटून दिलेलं आता पुन्हा फोडायचं म्हणता, म्हणून आधी त्या खट्टू झाल्या. कारण कळल्यावर मात्र पदर खोचून खाली बसल्या.

"अण्णा, चालून दाखवा की," त्या म्हणाल्या. "पाय कुठं अडतंय, कुठं नाही, ते मला कळूदे."

मग दामोदरराव चालले आणि चंद्राबाई खडू घेऊन मागे मागे सरकत गेल्या. पलंगापासून न्हाणीघर, तिथून स्वयंपाकघर, तिथून पुढचे दार. पाय अडखळला की खडू पुसून वाट बदलायची. दुसऱ्या दिवशी त्या वाटेवर त्यांनी मला छिन्नीने कोरले आणि त्यात दोरीच्या जाडीएवढी वर उठलेली, थोडी खरबरीत रेघ बसवली. प्रत्येक दाराशी दोन आडव्या रेघा. मेण खरवडून काढले. पहिल्या घावाला मी शहारले. नव्या सौंदर्याचे माझे चार दिवस संपले. पण खरे सांगते, भेग पडली तेव्हा वाटली तशी लाज या वेळी वाटली नाही. रेघ पक्की झाल्यावर क्षमाने डोळे मिटून, अनवाणी, दोनदा ती चालून बघितली. न्हाणीघराच्या वळणावर ती चुकली, तेव्हा दामोदररावांनीच तिला डावीकडे वळ म्हणून सांगितले.

मित्रांनो, तुमच्या घरी कधी दुरुस्ती निघाली तर छत, तारा, नळ हे सगळे नीट बघा. पण कुठलीही जुनी खूण पुसण्याआधी त्या घरात राहणाऱ्या माणसाला विचारा, तुम्ही हिचा काय उपयोग करता? आणि जो माणूस काहीच मागत नाही, सगळे ठीक आहे म्हणतो, त्याला दोनदा विचारा. मला विचारता येत नव्हते. तुम्हाला येते.

माझी हद्द उंबऱ्याला संपते. त्यापुढे दोन पायऱ्या, फाटक, फुटका फूटपाथ आणि स्कूटरची सततची ये-जा. डॉक्टरांकडे नेले तेवढे सोडले तर दोन वर्षांत दामोदरराव फाटकाबाहेर गेले नव्हते. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी ते रेघेवरून चालत पुढच्या दारापर्यंत आले. त्यांची पायाची बोटे माझ्या शेवटच्या कडेवर येऊन थांबली. ते बराच वेळ तसेच उभे होते. बोटे दोनदा मागे आली. मला वाटले, परत फिरणार.

"क्षमा," त्यांनी हाक मारली. "पुढचं मला दिसत नाही. जरा हात दे."

ती आतून आली. दोघांनी पायांत चपला घातल्या, आणि ते एकेक पायरी उतरत बाहेर गेले.